बडनेऱ्याच्या लॉनवरची पावलं

"मॅडम, त्या पिवळ्यावर पाय नका ठेवू जी. कडंकडंनं या."

शेवंताबाई हे इतक्या हळू आवाजात म्हणाली की मी आधी थांबले आणि मग खाली पाहिलं. दुपारचे बारा वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. समोर विकायला वाढवलेल्या लॉनचा हिरवागार प्लॉट होता आणि त्यावर माणसाची पावलं होती. चिखलात रुततात तशी रुतलेली नव्हेत. तेवढ्या आकारात गवतच मेलेलं. टाच, चवडा, सगळं जागच्या जागी.

डावं पाऊल नीट उमटलेलं. उजवं फरफटलेलं, त्याच्यामागे ओढल्याची रेघ. पुन्हा डावं नीट, पुन्हा उजवं फरफटलेलं. असं मोटारीच्या खोलीपासून थेट पाण्याच्या हौदापर्यंत.

"कोणाची आहेत ही?" मी विचारलं.

शेवंताबाईने पदर डोक्यावर ओढला. "तुमाले मालूम नाई? संजूभाऊची."

संजूभाऊ म्हणजे या नर्सरीचे मालक. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय ओढत चालायचे. ते गेल्या उन्हाळ्यात वारले. त्याच हौदाच्या काठावर, दुपारीच, हार्ट अटॅकने.

मी तिथे का गेले होते ते सांगते. माझी नोकरी शेतीखात्यात झाली. रिटायर झाल्यावर अकोल्याला दर शनिवारी नर्सरी चालवणाऱ्यांचा कोर्स घेते. कलमं कशी बांधायची, माती कशी मिसळायची, मजुरांचं वेळापत्रक, फवारणी, नोंदी. चार महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. माझा स्वभाव तापट. पोरं माघारी मला 'मिरची मॅडम' म्हणतात आणि त्यांना वाटतं मला माहीत नाही. संजूभाऊंची बायको वर्षा या बॅचला होती. पस्तिशीची, बुटकी, पहिल्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारणारी. ती सलग दोन शनिवार आली नाही. फोनही उचलेना. मी अमरावतीला राहते, म्हणून म्हटलं वाटेत बडनेऱ्याला उतरू आणि चांगलं झापू. तर हे असं.

शेवंताबाई तिथली मुकादमीण. बाकीच्या सहा बाया काम सोडून गेल्या होत्या, हिने फक्त संजूभाऊंच्या मिठाला जागून पाय रोवला होता. ती मला कडेकडेने फिरवत सांगत होती.

"पयली ओळ आली तवा आमाले वाटलं कुत्र्यानं केलं. आठ दिवसांनं दुसरी आली. मंग मी राख टाकली. फाटकापाशी टाकली, प्लॉटच्या चारी मेरंनं टाकली. आमच्याकडं माणूस गेल्यावर पाऊल उमटते का पायाले टाकतेत ना, तशी चाळून, बारीक. रोज सकाळी मी सोता पायत होती. परवा झाडून काढली तोवर राख जशीच्या तशी, मुंगीचाबी पाय नाई. आन् आज मंदात तिसरी ओळ उमटून राहिली."

"उमटून राहिली म्हणजे?"

"सकाळी फिक्कट होती. आता पाहा."

मी पाहिलं. पहिली ओळ तपकिरी होऊन कुसकरली होती. दुसरी पिवळीजर्द. तिसरी अजून धड पिवळीही नव्हती, हिरव्यावर नुसती फिकी सावली पडल्यासारखी. मी चष्मा पुसला. खरं सांगते, आपण उभ्या आहोत आणि आपल्यासमोर कोणी न चालता पाऊल हळूहळू वर येतंय, हे बघून मी दोन पावलं मागे सरले. घरी आम्ही भूतखेत मानत नाही. पण ते सगळं घरी.

अजून एक गोष्ट होती आणि ती मला सगळ्यात वाईट वाटली. तिन्ही ओळी हौदाकडे जात होत्या. परत येणारी एकही नव्हती.

वर्षा हौदामागच्या शेडमध्ये रोपांच्या पिशव्या भरत बसली होती. एकटीच. मला पाहून उठली, पण डोळ्याला डोळा देईना.

"काय गं, फोन काहून उचलत नाहीस?"

"काय बोलू मॅडम. संपलं सगळं." तिने हात झटकले. "आज चार वाजता प्रमोदभाऊजी आईला घेऊन येऊन राहिले. जमीन आईच्या नावावर हाय. भाऊजी म्हणतेत, दादाले बाईनं धंदा केलेला पटून नाई राहिला, म्हणून हिंडते. नर्सरी बंद करायची, जागा कोण्या गोडाऊनवाल्याले द्यायची."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"आई काईच बोलत नाईत. त्या नुसत्या रडतेत."

म्हणजे माझ्याकडे चार तास होते. चार वाजता म्हातारीने मान हलवली की वर्षाची नर्सरी गेली. नवरा गेल्यावर हिने ती एकटीने ओढली होती, आणि मला तिची मेहनत ठाऊक होती. मग मी पर्स शेडमध्ये ठेवली आणि कामाला लागले.

आधी मी ठरलेल्या गोष्टी तपासल्या. बुरशी? बुरशीचे ठिपके गोल पसरतात, त्यांना टाच नसते. वाळवी? गवत उपटून पाहिलं, मुळं शाबूत. डिझेल सांडलं? वास नाही, आणि डिझेल दुसऱ्याच दिवशी जाळतं. शेवंताबाई माझ्यामागे उभी राहून हे सगळं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की या बाईला काही कळत नाही.

मग मी बसले आणि विताने मोजायला लागले. पाऊल मोठं, नऊ-दहा नंबरचं. म्हणजे पुरुषाचंच. पण दोन पावलांमधलं अंतर लहान. जेमतेम दीड फूट.

"संजूभाऊ किती उंच होते?"

"लय उंच. फाटकातून वाकून येत."

"मग उंच माणूस इतकं जवळजवळ पाऊल टाकेल?"

"लंगडा माणूस मॅडम, तो काय ढांगा टाकीन?" शेवंताबाईने मला गप्प केलं. तिचंही खोटं नव्हतं.

मी उठून बांधावर गेले, सावलीला. आणि तिथे माझं लक्ष बांधावरच्या तणाकडे गेलं. पावसाळ्यानंतर बांधावर गाजरगवत आणि हराळी माजते, ती तिथेही होती. बांधाचा एक तुकडा वाळून तपकिरी झालेला. त्याच्यापुढचा तुकडा पिवळाजर्द. आणि त्याच्याही पुढचा अगदी फिका, नुकताच रंग सोडायला लागलेला.

मी एकदा बांध बघितला, एकदा लॉन. पुन्हा बांध. तीन तुकडे, तीन ओळी, तेच तीन रंग.

इथे थोडं समजावून सांगते. तणनाशक दोन तऱ्हेचं असतं. एक लागेल तिथे जाळणारं, दुसऱ्या दिवशी पान करपतं. दुसरं आत मुरणारं. ते पानातून शिरतं, मुळापर्यंत जातं, आणि तण आपलं हिरवंच दिसत राहतं. आठ-दहा दिवसांनी एकदम पिवळं पडतं. मारणारा तोवर विसरूनही गेलेला असतो. हे औषध ओल्या बुटाच्या तळव्याला लागलं आणि तो बूट लॉनवर पडला, तर त्या दिवशी काहीच दिसणार नाही. दिसेल पुढच्या आठवड्यात. तेव्हा तुम्ही कितीही राख चाळा, चालणारा कधीच येऊन गेलेला असतो.

"वर्षा, फवारणीची वही आण."

वही मीच लावलेली. कोणतं औषध, कधी, कोणी मारलं. वर्षाचं अक्षर सुबक. तणनाशक चार वेळा मारलं होतं, दर आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजुरांना सुट्टी असते आणि फवारणी माणसं नसताना करावी हेही मीच शिकवलेलं. पहिल्या तीन तारखांपासून आठ-नऊ दिवस मोजले की तीन ओळींचे दिवस येत होते. चौथी तारीख कालची होती. आणि 'कोणी मारलं' या रकान्यात चारही वेळा वर्षाचीच सही.

मी वर्षाच्या पायाकडे पाहिलं. चार नंबर असेल, फार तर पाच.

मी मोटारीच्या खोलीत गेले. आत पंप, पाइप, खताची पोती. पोत्यांच्या मागे काळे गमबूट होते. जुने, पण पुसून ठेवलेले. डावा साधा. उजव्याला खालून टायरचा जाड तुकडा शिवलेला, दोन बोटं उंच. पोलिओच्या पायासाठी चांभाराकडून केलेला. आत सुतळी आणि पायमोज्यांचे बोळे.

मला काय वाटलं कोण जाणे. मी चप्पल काढली आणि ते बूट घातले.

चार पावलं चालले असेन. डावा पाय बरोबर पडत होता. उजवा उंच असल्यामुळे उचलला जाईना, फरफटत पुढे येत होता. मी नाही लंगडत होते, बूट मला लंगडवत होता. त्या अंधाऱ्या खोलीत मेलेल्या माणसाची चाल माझ्या पायात आली.

"काढा ते मॅडम."

वर्षा दारात उभी होती. मी कधी कोणा विद्यार्थ्याचं इतकं ऐकलं नसेल. काढले आणि पोत्यावर बसले. तीही समोर बसली.

"त्यांचे कपडे, चपला, सगळं एका गाठोड्यात बांधून देऊन टाकलं होतं," ती म्हणाली. "आईनंच बांधलं होतं. गेलेल्या माणसाच्या पायातलं घरात ठेवू नाई म्हणतेत. त्याचा जीव दाराशी अडकते म्हणतेत. मी हे गाठोड्यातून काढून घेतले. कोणाले नाई सांगितलं."

"आणि घालत होतीस?"

"आधी नव्हती घालत. तुमी वर्गात सांगतलं, गमबूट नाई तं फवारणी नाई, फोटो पाठवा, नाई तं मार्क कापीन. मी अकोल्याले पाहिलं, अमरावतीले पाहिलं. बायांच्या मापाचे भेटतच नाईत. तुमाले विचारलं होतं मी. तुमी म्हणलं, कोणतेही चालतील."

म्हटलं होतं मी. मला आठवत होतं. चाळीस जणांच्या वर्गात, घाईत, तिच्याकडे न बघता.

"मग पावलं उमटायला लागल्यावर तुला कळलं नाही?"

"मी चालली तवा काईच नव्हतं ना उमटलं. आठ दिवसांनं उमटलं. मले वाटलं..." ती थांबली. "मले वाटलं ते खरंच आले. बूट मागायले आले. मी त्यांचे बूट चोरले म्हणून. पण मॅडम, ते पायात असले की मले भेव नाई वाटे. तेच संगं चालून राहिले असं वाटे. म्हणून काल बी घातले." आणि मग ती रडली, चांगली भडभडून.

माझ्याही डोळ्यात पाणी आलं, आणि मला स्वतःचा राग आला. मी पंप कसा धुवायचा शिकवलं होतं, नोझल कसं धुवायचं, हात किती वेळा. बुटाचा तळवा धुवायचं कधी शिकवलं नव्हतं. ती फवारणी झाली की मोटारीच्या खोलीपाशी बांधावरून उतरून लॉन तुडवत हौदावर जायची, तिथे पंपासोबत बूटही धुवायची. म्हणून परतीची पावलं नव्हती. परत येताना बूट स्वच्छ असायचे.

साडेतीन वाजले होते. मी तिला म्हटलं, "हे बघ, बुटाचं सांगायची गरज नाही. मी सांगते लॉनवर रोग पडला. माझं ऐकतील. एक फवारा लिहून देते."

वर्षाने नाक पुसलं. "आन् बाया? त्या येतील का रोग म्हणल्यावर? पाऊल कोणी बी ओळखते मॅडम. शेवंतामावशीनं ओळखलं, आईनं ओळखलं."

"पण आईला कळलं की तू गाठोड्यातून..."

"कळू द्या."

चार वाजता प्रमोद आला. बडनेऱ्यात त्याचं प्लायवुडचं दुकान आहे. माणूस वाईट नव्हता. आईला हात धरून उतरवली, सावलीत खुर्ची दिली, स्वतः उन्हात उभा राहिला. मला म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेले लोक. पण माह्या आईनं दोन आठवड्यांपासून धड अन्न नाई खाल्लं. मले हे बंद कराचंच हाय."

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोटारीच्या खोलीतून आवाज आला. एक पाऊल ठाम. एक फरफट. एक ठाम. एक फरफट.

शेवंताबाईने तोंडावर हात दाबला. वर्षा बाहेर आली होती. साडी वर खोचलेली, पाठीवर पंप, पायात ते बूट. ती लॉनच्या कडेने, कुठेही न बघता, हौदाकडे चालत गेली. बुटकी बाई, पण चाल त्याची. खांदा पावलागणिक एका बाजूला पडत होता.

प्रमोदचा आवाज फाटला. "वहिनी, काढा ते. हे दादाचे... हे घरात होते?"

"मीच ठेवले होते भाऊजी. फवारणी मीच करते. पावलं माही हायत." ती सासूकडे वळली. "आई, तुमी बांधलेल्या गाठोड्यातून मी काढून घेतले. माही चूक झाली."

म्हातारी खुर्चीवरून उठली होती. मला वाटलं आता हात उचलते. ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "वर्षा, पुन्हा एकदा चाल."

वर्षाला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

"चाल माय. एकदा. हौदापर्यंत."

वर्षा परत खोलीपर्यंत गेली आणि पुन्हा चालली. म्हातारी बघत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "तसाच," ती म्हणाली. "शाळेतून यायचा तवापासून तसाच."

प्रमोद मात्र दुकानदार माणूस. थोड्या वेळाने सावरून म्हणाला, "ठीक हाय, चाल पाहिली. पण पाऊल आज टाकलं आन् उमटलं नाई. मंग हे उमटते कसं?"

मी त्याला औषधाचं सांगितलं. त्याला पटलं नाही. मग मी वर्षाला विचारलं, काल कुठून गेली होतीस? तिने दाखवलं, तिसऱ्या ओळीच्या हातभर पलीकडून. तिथे हिरवंगार लॉन होतं, डागही नाही. मी दोन दोऱ्या ताणल्या, बांबूच्या खुंट्या ठोकल्या. "या दोन दोऱ्यांच्या मध्ये आठव्या दिवशी पावलं दिसतील. तोवर इथे कोणी पाय ठेवणार नाही. नाही दिसली, तर तुम्ही नर्सरी बंद करा, मी एक शब्द बोलणार नाही."

"लिहून देता?"

"देते." दिलंही, कोर्सच्या लेटरहेडवर.

आठव्या दिवशी मी गेले. कामावरच्या सहाही बाया फाटकाबाहेर उभ्या होत्या. दोऱ्यांच्या मध्ये लॉन हिरवंगार. प्रमोद मोबाइल बघत राहिला. वर्षाचा चेहरा उतरला. मधले तीन दिवस आभाळ होतं, आणि थंडाव्यात हे औषध हळू चालतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि उन्हात उभं राहून हिरव्या गवताकडे बघत बसणं वेगळं. नसेल उमटलं तर? माझ्या मनात चक्क आलं, की मागच्या तिन्ही ओळी खरंच त्याच्या असतील तर?

"दोन दिवस द्या," मी म्हटलं. प्रमोद आईकडे बघू लागला. म्हातारीने मान हलवली.

दहाव्या दिवशी सकाळी शेवंताबाईचा फोन आला. "मॅडम, आले. दोरीच्या मंदातच आले." मग जरा थांबून, "आता भेव नाई वाटत. पण पायताना अंगावर काटा येतेच जी."

बाया त्याच दिवशी कामावर आल्या. गोडाऊनवाल्याला प्रमोदने स्वतःच फोन करून नाही सांगितलं. वर्षाला शेवटी अमरावतीच्या इतवारा बाजारात बूट मिळाले, शाळेच्या पोरांचे पावसाळी, निळे. जुने बूट म्हातारी पिशवीत घालून घरी घेऊन गेली. कुठे ठेवले ते वर्षाने विचारलं नाही.

एकच अट म्हातारीने घातली. चौथ्या ओळीचं लॉन उकरायचं नाही, नवीन लावायचं नाही. लॉनचं गवत कडेने आपोआप भरून येतं, त्याला वेळ लागतो. ती दर बाजाराच्या दिवशी यायची, खुर्ची टाकून बसायची आणि बघायची, किती उरली. आधी रेघा गेल्या. मग टाचा भरल्या. पुढे नुसते चवडे राहिले, रुपयाएवढे.

एके दिवशी तिने वाकून हात फिरवला. काहीच लागलं नाही. "गेला आता," ती शेवंताबाईला म्हणाली. "इका हे लॉन."

ते लॉन गुंडाळून तिसऱ्या दिवशी एका दवाखान्याच्या अंगणात गेलं. वर्षाला सर्टिफिकेट मिळालं. कोर्सच्या वहीत मी एक ओळ वाढवली: तणनाशक मारून झालं की बांधावरच बुटाचे तळवे धुवावेत, मगच पाऊल उचलावं. ही ओळ आधी असती तर लॉनच्या चार पट्ट्या वाचल्या असत्या, सहा बायांचा रोज बुडला नसता. आणि एका म्हातारीला तिच्या पोराची चाल पुन्हा दिसली नसती. वर्गात मी फक्त पट्ट्यांचं आणि रोजाचं सांगते.